हद्दपार धर्मोपदेशकाचे छापील चित्र

आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘वलंदेज’ हा शब्द येतो. वलंदेज म्हणजे हॉलंडचे लोक, आजचे डच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकर व्यापाऱ्यांची जी नावे आहेत, त्यांत फिरंगी, इंग्रज, फरासीस यांच्याबरोबर वलंदेजही आहेत. १६३७ साली त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. त्या वखारीचे पडके अवशेष वेंगुर्ल्यात अजून आहेत. बेळगाव किंवा गोव्याकडून त्या बाजूला गेलेल्यांपैकी अनेकांनी ते पाहिले असतील.

वलंदेजांची आपली ओळख ही एवढीच: मसाले, कापड, जहाजे, तोफा. मात्र त्यांची जहाजे आपल्या किनाऱ्याला लागत होती त्याच काळात त्यांच्या घरात मोठे भांडण पेटले होते. ते धर्माचे होते आणि राज्यसत्तेचेही. त्या भांडणात देशोधडीला लागलेल्या एका वृद्ध धर्मोपदेशकाचे छापील चित्र आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहांत जपलेले आहे. चित्र १६३५ सालचे, म्हणजे वेंगुर्ल्याच्या वखारीच्या दोन वर्षे आधीचे. काढणारा रेम्ब्रांट, आणि चित्रातले गृहस्थ योहानेस उइटेनबोगार्ट. मूळ ठसा पाहण्याचा योग आम्हाला आलेला नाही. आम्ही तो पुस्तकांतून पाहिला आणि त्यामागची हकिकत वाचत गेलो. ती इथे मांडावीशी वाटते, कारण तिच्यातला प्रश्न जुना झालेला नाही. सरकारने एखाद्या माणसाला नाहीसे करायचे ठरवले, तर तो खरोखर नाहीसा होतो का?

चित्र आकाराने लहान, उंचीला जेमतेम वीतभर. अंडाकृती चौकटीत एक म्हातारे गृहस्थ मेजाशी बसले आहेत. डोक्याला चपटी टोपी, गळ्याभोवती त्या काळची चुणीदार पांढरी कॉलर, अंगावर जाड झगा, जवळ ग्रंथ. वाचता वाचता कोणी आत आले म्हणून त्यांनी मान वर केली असावी, तसे ते आपल्याकडे पाहतात. चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत, थकवाही आहे, पण गाऱ्हाणे नाही. खाली लॅटिनमध्ये चार ओळी आहेत. त्या ओळी कोणाच्या, हे पुढे सांगू. आधी या गृहस्थांची ओळख.

उइटेनबोगार्ट यांचा जन्म १५५७ साली उट्रेख्ट शहरात झाला. स्पेनच्या राजाविरुद्ध डच प्रांतांनी बंड पुकारले तेव्हा ते पोरवयाचे होते. पुढे प्रॉटेस्टंट पंथाचे शिक्षण घ्यायला ते जिनिव्हाला गेले. कॅल्विनचा वारस बेझा तिथे शिकवत असे. याकोबस अर्मिनियस हा मित्र त्यांना तिथेच मिळाला, आणि या मैत्रीने दोघांच्या आयुष्याला वळण दिले. मायदेशी परतल्यावर उइटेनबोगार्ट आधी उट्रेख्टला आणि १५९१ पासून हेगला उपदेशक झाले. हेग ही राजकारभाराची जागा. डच सैन्याचा सेनापती आणि ऑरेंज घराण्याचा कर्ता पुरुष मॉरिट्स यांची प्रवचने ऐकत असे. स्वारीवर निघाला की त्यांना छावणीतही नेत असे. मॉरिट्सचा धाकटा सावत्र भाऊ फ्रेडरिक हेन्ड्रिक याला त्यांनी शिकवले. म्हणजे हा माणूस कोपऱ्यातला कोणी बंडखोर नव्हता, दरबारातला मानकरी होता. पुढची हकिकत वाचताना हे लक्षात ठेवायला हवे.

भांडण सुरू झाले ते एका तात्त्विक प्रश्नावरून. कॅल्विनच्या अनुयायांचे म्हणणे असे की कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने सृष्टीच्या आधीच ठरवून टाकले आहे, त्यात माणसाच्या करणीने फरक पडत नाही. लायडन विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या अर्मिनियसला हे पटेना. त्याचे मत असे की देवाची कृपा सर्वांपुढे ठेवलेली आहे, ती घ्यायची की नाकारायची एवढे माणसाच्या हाती आहे. प्रारब्ध मोठे की प्रयत्न, या वादात आपल्याकडेही पिढ्या गेल्या, त्यामुळे हा मुद्दा मराठी वाचकाला परका वाटू नये. त्याच विद्यापीठातला गोमारस हा प्राध्यापक अर्मिनियसच्या विरोधात उभा राहिला. विद्यार्थ्यांत तट पडले, मग चर्चमध्ये आणि मग गावोगावी.

१६०९ साली अर्मिनियस वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या मताच्या चाळीसहून अधिक उपदेशकांनी हॉलंड प्रांताच्या सरकारकडे एक अर्ज दिला. आपले म्हणणे त्यांनी पाच कलमांत मांडले आणि आपल्याला संरक्षण मिळावे अशी विनंती केली. अर्जाचा मसुदा उइटेनबोगार्ट यांचा. अशा अर्जाला ‘रेमॉन्स्ट्रन्स’ म्हणत, त्यावरून या पक्षाचे नाव ‘रेमॉन्स्ट्रन्ट’ पडले. एका पंथाचे नाव सरकारी अर्जावरून पडावे हे आमच्यासारख्या कचेरीत अर्ज हाताळणाऱ्यांना गमतीचे वाटते.

त्याच १६१० साली उइटेनबोगार्ट यांनी आणखी एक पुस्तक लिहिले. धर्माच्या बाबतीत राज्यसत्तेचा अधिकार किती, हा त्याचा विषय. त्यांचे उत्तर स्पष्ट होते. चर्चमध्ये तंटा पेटला तर शेवटचा शब्द ख्रिस्ती सरकारचा असावा, धर्मोपदेशकांच्या सभेचा नव्हे. त्यामागचा हिशेबही समजण्यासारखा होता. हॉलंडच्या सरकारात त्यांचे स्नेही होते. प्रांताचे ज्येष्ठ मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट त्यांच्या बाजूचे, पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याचे जनक म्हणून नावाजलेले ह्यूगो ग्रोशियसही त्यांच्या बाजूचे. विरोधक चर्चमध्ये संख्येने भारी होते, म्हणून यांनी सरकारचा आडोसा धरला. आडोसा धरणाऱ्याला तेव्हा हे दिसत नाही की सरकार कायम असते, सरकारातली माणसे बदलतात.

माणसे बदलली ती १६१७ आणि १६१८ या दोन वर्षांत. स्पेनशी १६०९ साली बारा वर्षांचा तह झाला होता. तो ओल्डनबार्नेव्हेल्ट यांनी घडवून आणला आणि सेनापती मॉरिट्सला तो रुचला नव्हता. आता धर्माचा वाद आणि हा जुना राग एकत्र आले. जुलै १६१७ मध्ये हेगमधल्या कट्टरपंथीयांनी क्लोस्टरकेर्क हे चर्च ताब्यात घेतले. दोन आठवड्यांनी मॉरिट्स आपल्या लवाजम्यासह तिथे प्रार्थनेला गेला. कालपर्यंत उइटेनबोगार्ट यांच्या समोर बसणारा सेनापती आज विरोधकांच्या बाकावर बसला. याचा अर्थ सगळ्या देशाने ओळखला. गावोगावी दंगे होऊ लागले. शहरांनी स्वतःचे शिपाई ठेवावेत असा ठराव ओल्डनबार्नेव्हेल्ट यांनी प्रांताकडून करून घेतला. मॉरिट्सने पुढच्या वर्षी उट्रेख्टमध्ये जाऊन ते शिपाई मोडून काढले, आणि २९ ऑगस्ट १६१८ रोजी हेगमध्ये ओल्डनबार्नेव्हेल्ट व ग्रोशियस यांना अटक झाली. उइटेनबोगार्ट निसटले आणि अँटवर्पला गेले.

अँटवर्प हे स्पेनच्या राजाच्या ताब्यातले, कॅथलिक शहर. ज्या स्पेनशी लढत त्यांचा देश उभा राहिला, ज्या लढायांच्या छावण्यांत त्यांनी प्रार्थना सांगितल्या, त्याच स्पेनच्या सावलीत त्यांना प्राण वाचवायला जावे लागले. तह अजून चालू होता म्हणूनच ते शक्य झाले.

इकडे नोव्हेंबर १६१८ मध्ये डॉर्डरेख्ट शहरात मोठी धर्मसभा भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि जर्मन संस्थानांतूनही प्रतिनिधी आले. रेमॉन्स्ट्रन्टांना बोलावले गेले, पण बरोबरीचे सभासद म्हणून नव्हे, आरोपी म्हणून. जानेवारीत सभेच्या अध्यक्षाने त्यांना बाहेर काढले. मे महिन्यात निकाल लागला आणि पाचही कलमे त्याज्य ठरली. १३ मे १६१९ रोजी ७१ वर्षांच्या ओल्डनबार्नेव्हेल्ट यांचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. ग्रोशियसना जन्मठेप मिळाली. उइटेनबोगार्ट यांच्यावर हद्दपारीचा हुकूम निघाला आणि त्यांची मालमत्ता जप्त झाली.

सर्वसामान्य उपदेशकांचे काय झाले, तो भाग आम्हाला जास्त विचार करायला लावतो. सुमारे दोनशे जणांना जागेवरून काढले. त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. यापुढे प्रवचन करणार नाही, गप्प राहीन, एवढे लिहून द्यायचे, मग सरकार पोटापुरते वेतन देईल. मत बदलायची गरज नाही, फक्त बोलायचे नाही. घरात बायको, मुले, म्हातारे आईबाप असलेल्या माणसापुढे असा कागद ठेवला तर काय होते ते नोकरदाराला सांगायला नको. काहींनी मत बदलून जागा परत मिळवली. बऱ्याच जणांनी सही केली. आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. ज्यांनी सही नाकारली, त्यांना गाड्यांत बसवून सरहद्दीबाहेर नेऊन सोडले.

बाहेर काढलेले लोक अँटवर्पला उइटेनबोगार्ट यांच्याभोवती जमले. तिथे १६१९ साली त्यांनी रेमॉन्स्ट्रन्ट बंधुसंघ स्थापन केला. आपली माणसे मायदेशात चोरून प्रार्थना करतात, त्यांच्यासाठी उपदेशक आत पाठवायचे, पैसा गोळा करायचा, पुस्तिका छापून धाडायच्या, असे काम सुरू झाले. ६२ वर्षांच्या उइटेनबोगार्ट यांच्यावर त्याची मुख्य जबाबदारी होती. १६२१ साली तह संपला आणि अँटवर्पमध्ये राहणे अशक्य झाले, तेव्हा ते फ्रान्समध्ये रूआंला गेले. त्याच वर्षी ग्रोशियस लूव्हस्टाइनच्या किल्ल्यातून पुस्तकांच्या पेटीत बसून पळाले. ती युक्ती त्यांच्या पत्नीची, आणि ती गोष्ट डच मुले अजून शाळेत शिकतात.

या चळवळीला एक डागही लागला. १६२३ साली ओल्डनबार्नेव्हेल्ट यांच्या मुलांनी बापाचा सूड म्हणून मॉरिट्सच्या खुनाचा कट केला. तो फुटला. कटात स्लाटियस नावाचा एक रेमॉन्स्ट्रन्ट उपदेशकही होता, त्याला देहदंड झाला. मूठभरांच्या कृत्याने सगळा पंथ संशयित ठरला. दूर रूआंमध्ये बसलेल्या म्हाताऱ्या पुढाऱ्याची घरवापसी त्यामुळे आणखी लांबली.

१६२५ साली मॉरिट्स वारला आणि फ्रेडरिक हेन्ड्रिक गादीवर आला. जुना शिष्य सत्तेवर आल्यावर गुरूला काय वाटले असेल ते समजू शकते. पण नवा सत्ताधीश सावध होता. त्याने हुकूम रद्द केले नाहीत, फक्त त्यांच्या अंमलबजावणीचा आग्रह सोडला. कागद तसाच राहिला आणि लोकांनी त्याकडे पाहायचे थांबवले. राज्यकारभारात असे अनेकदा घडते. १६२६ साली उइटेनबोगार्ट गुपचूप मायदेशी आले, आधी रॉटरडॅमला, मग हेगला. त्यांना कोणी पकडले नाही, पण जुने व्यासपीठही कोणी परत दिले नाही.

पंथालाही असेच अर्धवट जगावे लागले. १६३० साली रेमॉन्स्ट्रन्टांनी ॲमस्टरडॅममध्ये काइझर्सग्राख्ट कालव्यावर चर्च बांधले. ते घरांच्या ओळीमागे होते, रस्त्यावरून चर्च म्हणून दिसत नसे. प्रार्थना करा, पण दिसू नका, हा अलिखित करार. ती वास्तू ‘रोडे हूड’ या नावाने आजही उभी आहे.

या पार्श्वभूमीवर चित्राकडे परत येऊ.

१३ एप्रिल १६३३ या दिवसाची नोंद उइटेनबोगार्ट यांच्या रोजनिशीत आहे. अब्राहम अँथोनिस या ॲमस्टरडॅमच्या पंथबंधूसाठी रेम्ब्रांटने आपले चित्र काढले, असे त्यांनी लिहून ठेवले. म्हातारे तेव्हा ७६ वर्षांचे आणि चित्रकार २६ वर्षांचा, नुकताच लायडनहून ॲमस्टरडॅमला येऊन नाव कमावू लागलेला. ते तैलचित्र आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. ते एका धनिकाच्या घरासाठी होते, पाहणार कोण, तर घरात येणारे-जाणारे. दोन वर्षांनी रेम्ब्रांटने त्याच माणसाचे एचिंग केले, त्याला मराठीत अम्लरेखन म्हणतात, आणि मग गोष्ट बदलली.

अम्लरेखनाची रीत अशी. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारखा थर देतात. त्या थरावर सुईने चित्र काढतात, म्हणजे सुई फिरली तिथे तांबे उघडे पडते. मग पत्रा आम्लात बुडवतात. उघड्या रेषा खाल्ल्या जाऊन त्यांच्या बारीक चऱ्या होतात. थर काढून शाई भरायची, वरची शाई पुसायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचे. पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते. छिन्नीसारख्या हत्याराने तांबे कोरण्यापेक्षा या रीतीत हात मोकळा राहतो, कागदावर लेखणी चालावी तशी सुई चालते. म्हणूनच रेम्ब्रांटच्या रेषेत म्हाताऱ्या कातडीचा मऊपणा उतरला. त्याने हे चित्र एका दमात संपवले नाही. ठसे काढून पाहिले, पत्र्यावर पुन्हा काम केले, पुन्हा ठसे काढले. असे अनेक टप्पे जाणकारांनी वेगळे ओळखले आहेत.

आणि एका पत्र्यातून कित्येक ठसे निघतात. ज्याला तैलचित्र परवडत नाही तोही कागदी ठसा घेऊ शकतो, वहीत जपू शकतो, भिंतीवर लावू शकतो, गुंडाळून परगावच्या पंथबंधूला पाठवू शकतो. उइटेनबोगार्ट यांचे हे पहिले छापील चित्र नव्हते. मिरेव्हेल्ट या हेगच्या दरबारात मान असलेल्या चित्रकाराने त्यांचे चित्र काढले होते आणि डेल्फने त्यावरून तांब्यावर ठसा कोरला होता. छापील चित्राची ताकद या लोकांना आधीपासून माहीत होती. १६१८ सालीच एक चित्र निघाले होते: तराजूच्या एका पारड्यात ग्रंथ आणि वकिलाचा झगा, दुसऱ्यात गोमारसाची बाजू, आणि तिकडे मॉरिट्सची तलवार पडल्यामुळे पारडे खाली. त्याबरोबर व्हॉन्डेल या कवीच्या ओळी होत्या. ते टीकेचे चित्र होते. १६३५ च्या चित्रात तलवार नाही, पारडे नाही, आरोप नाही. फक्त एक म्हातारा माणूस आपल्या ग्रंथांजवळ बसला आहे. ज्याचे चर्च घरांमागे दडवावे लागले त्याचा चेहरा मात्र उघडपणे छापला जाऊन घरोघर गेला. चर्चला बंदी घालणाऱ्या कायद्यात चेहऱ्याला बंदी नव्हती.

आता त्या चार लॅटिन ओळी. त्या ह्यूगो ग्रोशियस यांच्या आहेत. भाविक जनता आणि सैन्याची छावणी ज्यांना मान देई, ते गृहस्थ बऱ्याच हेलकाव्यांनंतर हेगला परत मिळाले आहेत, असा त्यांचा रोख. वाचणाऱ्याला हे एका मित्राचे सरळ कौतुक वाटेल. पण चित्र निघाले तेव्हा ग्रोशियस कुठे होते? ते पॅरिसला होते, स्वीडनचे वकील म्हणून. १६३१ साली तेही मायदेशी आले होते. त्यांना वाटले, वारे बदलले आहे. पण त्यांनी क्षमा मागायला नकार दिला आणि १६३२ मध्ये त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. मित्र घरी परतल्याचा आनंद ज्यांनी लिहिला त्यांना स्वतःला घर नव्हते. ते १६४५ साली जर्मनीत रोस्टॉकला वारले, आणि मग त्यांचा देह डेल्फ्ट या जन्मगावी आणला गेला. हे कळल्यावर चित्राखालच्या ओळी पूर्वीसारख्या वाचता येत नाहीत.

उइटेनबोगार्ट ४ सप्टेंबर १६४४ रोजी हेगला वारले, ८७ वर्षांचे होऊन. त्यांचे आत्मचरित्र आणि त्यांनी लिहिलेला चर्चचा इतिहास हे दोन्ही ग्रंथ मृत्यूनंतर छापले गेले. रेमॉन्स्ट्रन्टांना पूर्ण कायदेशीर मान्यता मिळाली ती थेट १७९५ साली, जुने प्रजासत्ताक कोसळल्यावर. म्हणजे चित्र निघाल्यानंतर एकशे साठ वर्षे हा पंथ घरांमागेच प्रार्थना करत राहिला.

उइटेनबोगार्ट यांना संत ठरवावे असे आम्हाला वाटत नाही. धर्माच्या वादात सरकारचा शब्द अखेरचा, हे त्यांनीच लिहिले होते, आणि आठ वर्षांनी सरकारने अखेरचा शब्द उच्चारला तो त्यांच्याच विरुद्ध. सत्ता आपल्या बाजूला असताना तिचे हात किती लांब करावेत, याचा विचार ज्याने त्याने या हकिकतीवरून करावा. पण पुढचेही तितकेच खरे. त्यांच्यापुढेही गप्प राहण्याचा मार्ग होता. ६२ व्या वर्षी, घरदार जप्त झालेले असताना, त्यांनी परक्या गावात बसून लिहिणे चालू ठेवले, आणि आपल्या माणसांना पत्रांनी, पुस्तिकांनी एकत्र धरून ठेवले. मूळ मुलखापासून दूर राहून पिढ्यान्‌पिढ्या आपली भाषा, आपले सण आणि आपली मंडळे सांभाळणाऱ्या कुटुंबांना या कामाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

ज्यांनी हद्दपारीचा हुकूम काढला त्यांची नावे आज अभ्यासकांना शोधावी लागतात. उइटेनबोगार्ट यांचा चेहरा शोधावा लागत नाही. वीतभर कागदावर ते अजून ग्रंथाशेजारी बसलेले आहेत आणि आत आलेल्याकडे मान वर करून पाहत आहेत.